शाळेत सांगितलेली तारीख

शेवंते, तू भरलेलं पाणी मी सांडू दिलं नाही. पहिलं हेच सांगतो, कारण तू असतीस तर पहिलं हेच विचारलं असतंस.

तू गेलीस तो पाण्याचा दिवस होता. पाचव्या दिवशी नळ आला होता आणि तू पाइप धरून उभी होतीस. दोन पिंपं भरून झाली होती, तिसरं अर्धं. मी आत चहा गाळत होतो. पिंपात पडणारं पाणी फरशीवर पडायला लागल्याचा आवाज आला म्हणून बाहेर आलो. पाइप तुझ्या हातातच होता. डॉक्टर म्हणाले, हृदय.

तुला दवाखान्यातून घरी आणल्यावर शेजारच्या पद्माक्का म्हणाल्या, "अण्णा, घरातलं पाणी आता ठेवत न्हाईत. ओतून द्यायचं असतंय." मी म्हणालो, "पाच दिवसांनी येतंय पाणी. तिनं भरलंय. कोण ओततंय बघतो." म्हातारा दुःखात हाय, असं कुणीतरी म्हणालं. दुःखात होतोच. पण ज्या पाण्यामागं तुझा सगळा जन्म गेला, ते तुझ्याच नावानं गटारात घालायचं, हे मला पटलं नाही. त्याच पाण्यानं तुला आंघोळ घातली. त्याच पाण्याचा चहा आल्या-गेल्यानं पाच दिवस प्यायला. कुणाला काही झालं नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. बोलायला कधी अडलो नाही, लिहायला अडतो. पण आता बोलायचं म्हटलं तर समोर तू लागतेस. म्हणून लिहितोय. आपलं एक भांडण अर्धं राहिलंय. ते तुझ्या बाजूनं मिटलं असेल, माझ्या बाजूनं नाही.

भांडण दिसायला कोमलच्या लष्करात जाण्याचं होतं. आपली पोरगी मेकॅनिकल इंजिनेर झाली, पुण्यात मोठ्या कंपनीत लागली. एसीत बसून गाडीच्या दाराची बिजागरी कॉम्प्युटरवर काढायची. मी कारखान्यात सगळ्यांना सांगत फिरायचो. चाळीस वर्षं यंत्रमागाच्या खडखडाटात उभा राहून माझे दोन्ही कान अर्धे गेले, पण माझी पोरगी खुर्चीवर बसते. दुसऱ्या वर्षी ती दिवाळीला आली आणि तुझ्याशेजारी बसून करंज्या भरता भरता म्हणाली, "अप्पा, मला लष्करात अधिकारी व्हायचंय."

मला आधी कळलंच नाही. आपल्या सांगोल्याकडची पोरं सकाळी सकाळी डांबरी रस्त्यावर भरतीसाठी पळतात, तेवढंच मला माहीत. मी म्हणालो, "पळायलाच पाठवायची होती तर इंजिनेर कशाला केली? मेंढरामागं ठेवली असती, फुकटात पळाली असती."

"अप्पा, ती भरती वेगळी. ही अधिकाऱ्याची. इंजिनेरांनाच घेतात. पूल बांधायचे, रस्ते काढायचे, यंत्रं सांभाळायची."

"मग पळायचं नाही?"

"पळायचंही आहे."

तू तोंडाला पदर लावून हसलीस. मला लई राग आला होता, ते मात्र आठवतंय.

मग तिनं सांगितलं. आदल्या पावसाळ्यात ती मैत्रिणीच्या गावाला गेली होती. ओढ्यावरचा पूल वाहून गेला होता आणि पलीकडची वस्ती तीन दिवस तुटली होती. लष्कराची माणसं आली, लोखंडी तुकडे जोडून संध्याकाळच्या आत त्यांनी पूल उभा केला. सगळ्यांना सांगणारी एक बाई होती, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात कागद. "माझ्याच वयाची होती, अप्पा. पन्नास माणसं तिचं ऐकत होती, आणि ती ओरडत नव्हती. पूल झाल्यावर पहिली एक बाळंतीण अलीकडं आली. मी दोन वर्षं एकच बिजागरी काढतेय. ती मी नाही काढली तर शेजारचा काढेल."

मी म्हणालो, "पुलाच्या पलीकडं वस्तीच असती असं न्हाय. कधी शत्रू बी असतोय."

ती म्हणाली, "माहीत आहे."

तेवढंच म्हणाली. फुशारकी मारली असती तर मी तिला झाडलं असतं. तिनं मला झाडायला जागाच ठेवली नाही. मी ताटावरून उठलो, आणि तू मला बोलवायला आली नाहीस. तेव्हाच मला कळलं, तू तिच्या बाजूची झालीस.

तुला त्यातलं किती कळत होतं, देव जाणे. पण तू तिला विचारायचीस. तितं जेवायला काय असतंय, केस कापावे लागतात का, चुकलं तर मारतात का. पाच दिवसांची मुलाखत असते म्हटल्यावर तुझा विश्वास बसेना. "पाच दिस काय विचारत्यात गं?" मग तिनं स्वयंपाकघरात मांडून दाखवलं. लाटणं म्हणजे फळी, डबा म्हणजे ड्रम, नाडीचा तुकडा म्हणजे दोर, आणि लाल फरशीला कुणाचा पाय लागता कामा नये. आठ जणांना पलीकडं न्यायचं.

तू वाकून बघितलंस. "सगळ्यात जड माणूस कोण हाय?"

"असेल कुणीतरी."

"त्याला मधी घे. शेवटाला ठेवलास तर फळी उचलणार कोण?"

कोमल तुझ्याकडं बघत राहिली. "आई, तुला कसं सुचलं?"

"भरलेलं पिंप हलवताना काय करतो आपण? दोघं दोन बाजूंला, पिंप मधी," असं म्हणून तू लाटणं उचललंस आणि चपात्या लाटायला लागलीस. मी दारात बसून सगळं ऐकत होतो. हसू आलं होतं, पण दाखवलं नाही. ते आज दाखवतो.

पहिल्या वेळी निवड न होता ती परत आली. दुसऱ्या वेळीही परत आली. मी मनात म्हणालो, सुटलो. स्थळं बघायला लागलो. बार्शीचं एक बरं होतं. तेव्हा ती घरी आली होती, कागद पसरून बसली होती आणि बोटं मोजत होती. मी जेवत होतो. तिनं वर न बघता विचारलं, "शाळेत माझी जन्मतारीख एक जून कुणी सांगितली?"

शेवंते, माझा घास हातातच राहिला. तुला दिसला होता.

ती सांगत होती की सत्तावीस वर्षांची अट असते. कागदावरच्या तारखेनं तिला आता एकदाच फॉर्म भरता येणार होता. खरी तारीख असती तर दोनदा. तिचा जन्म जानेवारीचा, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रेतला. बाहेर नंदीध्वजांची मिरवणूक निघाली होती, अक्षता पडत होत्या आणि गर्दीमुळं मला दवाखान्यात पोचायला दोन तास लागले होते. आणि कागदावर मात्र त्याच्या आधीच्या वर्षाचा जून. सात-साडेसात महिन्यांनी मोठी.

मी ताटात बघत राहिलो. आणि तू म्हणालीस, "मी गेले होते की शाळेत. मला कुटं कळतंय तारखेचं. बोलले आसंन कायतरी."

"आई, तुला माझी एक तारीख नीट सांगता आली नाही?"

तू हसलीस. ती रागानं पुण्याला गेली. तुमच्या दोघींचा फोन पाण्याच्या दिवशी ठरलेला असायचा. तू खांदा आणि कान यांच्यात मोबाइल धरून पिंपं भरायचीस आणि तिकडून ती आवरता आवरता बोलायची. त्या आठवड्यात पाणी आलं आणि फोन आला नाही. तू मोबाइल पदरात बांधून तास-दीड तास पाणी भरलंस. मी बघत होतो.

शाळेत तू गेलीच नव्हतीस. मी गेलो होतो.

ते आपण दोघांनी कधी नीट बोलून काढलं नाही, म्हणून आज काढतो. पोरगी साडेचार वर्षांची होती. मी मागावर, तू त्याच कारखान्यात टॉवेलला शिलाई मारायला. तिला ठेवायला कुणी नाही म्हणून ती तिथंच कापडाच्या गठ्ठ्यावर बसायची. एक दिवस शेजारच्या मागावरून आडवा धागा नेणारा धोटा सुटला. लाकडाचा धोटा, दोन्ही टोकांना लोखंड. तो तिच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर भिंतीत बसला. गिलावा पडला. ती रडलीसुद्धा नाही, तिला वाटलं खेळ आहे. तू पळत आलीस आणि तिला उचललंस ती घरी जाईपर्यंत खाली ठेवली नाहीस.

घरी तू म्हणालीस, "मी काम सोडते. पाच पुरी व्हईपर्यंत हिच्यासंगं घरात बसते. मग घालू शाळेत."

मी म्हणालो, "बघू."

आणि दुसऱ्या दिवशी तुला न विचारता तिला शाळेत घेऊन गेलो. दोघांनी कामावर गेलं तरच घर चालतंय, असं माझं म्हणणं. ते खोटं नव्हतं, पण सगळं खरंही नव्हतं. माझी बायको घरी बसली, असं कारखान्यातल्यांनी म्हणू नये, हेही होतं त्यात. बाकीच्या बायका येत होत्या की. मास्तरांनी विचारलं, "पाच पूर्ण आहेत?" मी म्हणालो, "हायत." त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा पोरीकडं. पोरीचं डोकं टेबलाच्या वर येत नव्हतं. "नक्की ना?" मी म्हणालो, "माझी पोरगी हाय. मला म्हाईत नसंल तर कुणाला असंल?" त्यांनी एक जून टाकली. वर्गातल्या निम्म्या पोरांची तीच तारीख होती.

घरी येऊन सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मला विचारलं बी न्हाईत." मग डबा उचलून कामाला गेलीस. शाळेत ती आठ दिवस रडली. कारखान्यात तू किती दिवस रडलीस ते मला शिलाईच्या बायांनी सांगितलं. मी म्हणालो, होईल सवय.

मागावर ताण्याचा, म्हणजे उभा, एक धागा तुटला आणि माग न थांबवता तसंच विणत गेलं, तर कापडात शेवटपर्यंत रेघ पडते. नवीन कारागिराला मी हेच पहिलं शिकवायचो. थांब, धागा जोड, मग चालव. आणि स्वतःच्या घरात मी थांबलो नाही. ती तारीख दाखल्यात गेली, दहावीच्या सर्टिफिकेटात गेली, आधारात, डिग्रीत. तू फक्त दर संक्रांतीच्या जत्रेत खऱ्या दिवशी शेंगाच्या पोळ्या करायचीस. पोरगी हसून म्हणायची, मला दोन वाढदिवस. मी पोळी खाऊन कामाला जायचो.

तू तिचा राग अंगावर घेतलास, त्याच्या दुसऱ्या सकाळी मी तुला विचारलं, "असं का सांगितलंस?"

तू कोथिंबीर निवडत होतीस. "माझ्यावर रागावली तर दोन दिसांत इसरती. तुमच्यावर आधीच रागावलीय. त्यात हे कळलं तर तुमच्याशी बोलायची न्हाय ती. बापलेकीचं बोलणं तरी राहू दे घरात."

"सात महिन्यांचं काय एवढं."

तेव्हा तू वर बघितलंस. "तिचे न्हाईत गेले ते. तिला काय, ती शाळेत शिकली. माझे गेले. माझी लेक माझ्यासंगं घरात बसणार होती."

वीस-एकवीस वर्षांत पहिल्यांदा बोललीस तू हे. मी काय केलं? म्हणालो, "उगं उकरून काढू नको." चप्पल घातली आणि चौकात जाऊन बसलो. शेवंते, तेव्हा मला एवढंच म्हणायचं होतं की चुकलं माझं. चौकापर्यंत जाईपर्यंत ते तोंडात होतं. परत आल्यावर नव्हतं.

तिसऱ्या वेळी ती निवडली गेली. मुलाखतीत वडील काय करतात विचारलं तर सुपरवायझर सांग, असं मी तिला बजावलं होतं. तिनं सांगितलं, वडील मागावर होते आणि आई टॉवेलला शिलाई मारते. वर हेही सांगितलं म्हणे, की फळीचं गणित मी आईकडून शिकले. तू ऐकून पदरानं नुसतंच तोंड पुसलंस. त्या संध्याकाळी मी तुला विचारलं, "भीती वाटत न्हाय का तुला?"

"वाटती की. लई वाटती. पण तवा भीती वाटली म्हणून घरात ठिवली का आपण तिला? तवा तर शाळेत ढकलली. आता स्वतःच्या पायानं चाललीय तर आडवं कशाला पडायचं?" मग म्हणालीस, "आता तरी सांगा तिला. मी न्हाय सांगणार."

"रुजू झाली की सांगतो," मी म्हणालो.

तू "बरं" म्हणालीस. तुझं ते "बरं" मला अजून ऐकू येतं, कान गेलेत तरी.

दहाव्याला मी ठरवून गेलो होतो. कावळा शिवला नाही तर माणसं काय काय कबूल करतात, मी बघितलंय. म्हटलं, आता ही मला सगळ्यांसमोर बोलायला लावणार. मी पुढं होऊन उभा राहिलो, घसा खाकरला. आणि कावळा आला की. पान ठेवून हात मागं घेतो न घेतो तोच आला. माणसं म्हणाली, समाधानानं गेली माउली. मी तसाच उभा. तू काही मागितलंच नाहीस. मागितलं असतंस तर मला सोपं गेलं असतं.

त्याच दिवशी दुपारी कोमलच्या मोबाइलवर बोलावणं आलं. एप्रिलच्या सुरुवातीला चेन्नईला प्रशिक्षणासाठी हजर व्हायचं. तिनं वाचलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

तेराव्यानंतर ती मला म्हणाली, "अप्पा, मी नाही जाणार. तुम्हाला पुण्याला घेऊन जाते. भाजी निवडायलासुद्धा तुम्हाला येत नाही."

"पुढच्या टायमाला जा मग."

"पुढची वेळ नाही. जूनमध्ये कागदावर सत्तावीस होतात." आणि वर म्हणाली, "जाऊ दे. आईनं काय मुद्दाम केलं नव्हतं."

मला एवढंच करायचं होतं, शेवंते. गप्प बसायचं. पोरगी माझ्याजवळ राहिली असती, बार्शीचं स्थळ अजून थांबलेलं होतं, गरम चपाती मिळाली असती. आणि तुझ्या नावावर ती तारीख कायमची राहिली असती. मी भाजीचं ताट बाजूला केलं आणि सांगितलं. धोटा, मास्तर, टेबल, सगळं. तू काम सोडणार होतीस तेही सांगितलं. कारणं सांगितली नाहीत.

तिनं ते ताट ओढून भाजी निवडायला घेतली. मग म्हणाली, "मी तेव्हा आईला आठवडाभर फोन केला नव्हता."

"म्हाईत हाय मला."

"तुम्ही समोर होता, अप्पा. ती फोनची वाट बघत होती तेव्हा तुम्ही समोर होता."

"व्हतो."

"आणि आता का सांगताय? मी जावं म्हणून?"

"जा, राहा, तुझं तू बघ. पण राहिलीस तर माझ्या खोट्यापायी राहू नको. आणि आईवर ढकलू नको ते."

ती उठून आत गेली. तू सांगितलं होतंस तसंच झालं. पुढं ती माझ्याशी कामापुरतं बोलायची. जेवा, गोळी घ्या, दार लावा. पण तिसऱ्या दिवशी तिनं माळ्यावरची ट्रंक काढली आणि मला म्हणाली, "कुलूप आणा." मी दोन आणली.

स्टेशनवर पद्माक्का आल्या होत्या. त्यांनी तिच्या हातात लाडू दिले, चेन्नईत काही अडलं तर म्हणून आपल्या घरच्या तेलुगूतली चार वाक्यं शिकवली. मी म्हणालो, तितं तमिळ बोलतात. त्या म्हणाल्या, "असू दे अण्णा, जवळच हाय की." कोमल हसली, त्यांच्याकडं बघून. माझ्या पाया पडली. मी तिला म्हणालो, "तितं एक जून लिही. पण जत्रेत मी पोळ्या करणार हाय." करता येत नाहीत मला, तिलाही माहीत आहे. तिनं मान हलवली नाही की काही नाही. गाडी हलली तेव्हा दारात उभी राहून ती मागं बघत होती. माझ्याकडं का स्टेशनाकडं, ते कळलं नाही.

पहिले काही आठवडे तिथं फोन देत नाहीत, हे तिनं पद्माक्कांना सांगितलं होतं. मला नाही. तीन वेळा पाणी येऊन गेलं. मी पिंपं भरायला शिकलो. पहिल्या दिवशी भरलेलं पिंप एकट्यानं एका बाजूनं ओढलं, अर्धं पाणी बाहेर गेलं. जड पिंप मधी घ्यायचं, हे तुझं तेव्हा ध्यानात आलं.

काल चौथं पाणी होतं. तुझा मोबाइल मी खिशात ठेवतो, का ते विचारू नको. दुसरं पिंप भरत आलं होतं आणि तो वाजला. माझा नाही, तुझा वाजला. खांदा आणि कान यांच्यात धरायला मला जमेना, म्हणून पाइप पायाखाली दाबून हातात धरला. पलीकडं खूप आवाज होता, कुणीतरी ओरडत होतं, बूट वाजत होते.

मग कोमल म्हणाली, "पाणी आलं का?"

मी म्हणालो, "आलंय की. दुसरं पिंप चाललंय."

"भरा मग," म्हणाली. आणि फोन ठेवला नाही. मी तिसरं पिंप भरेपर्यंत तो तसाच चालू होता. ती तिकडं बुटाला पॉलिश करत होती बहुतेक, ब्रशाचा आवाज येत होता. एवढं ऐकू येतं मला अजून.

तू म्हणाली होतीस, तुमच्याशी बोलायची न्हाय. तुझं सगळं खरं झालं आजपर्यंत, शेवंते. हे खरं झालं का खोटं, ते मला अजून सांगता येत नाही. पुढचं पाणी शुक्रवारी आहे. रिकामं होईल तसं एकेक पिंप घासून ठेवतोय.

आणि ते सात महिने तुझे होते. चुकलं माझं.